निरोगी नमुना

"सालोमे, बाही वर कर. आजचा निरोगी माणूस रजेवर आहे."

प्रू दारातच उभी होती, एका हातात सुई, दुसऱ्या हातात रबरी पट्टा. सालोमेने पिपेट खाली ठेवली आणि डावी बाही कोपराच्या वर सरकवली. आजारी माणसाचं रक्त तपासायचं तर शेजारी धडधाकट माणसाचं रक्त लागतं, नाहीतर तुलना करणार कशाशी? त्यासाठी प्रयोगशाळेतल्या सहा जणांच्या पाळ्या लावलेल्या होत्या. कुणाची पाळी चुकली की सालोमेची बाही वर जायची. अठरा वर्षं हेच चाललं होतं.

"तुझी शीर लगेच सापडते," प्रू म्हणाली. "गायीसारखी."

"गायीला निदान चारा तरी घालतात."

प्रू हसली. ती या प्रयोगशाळेची प्रमुख, सालोमेपेक्षा दहा वर्षांनी लहान. सालोमे इथे आली ती बाटल्या धुवायला. पुढे तिने संध्याकाळचा अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली, आणि एकच तपासणी इतकी नीट शिकली की सिडनीतली दुसरी रुग्णालयंही नमुने तिच्याकडे पाठवू लागली.

त्या दिवशीचा नमुना वरच्या मजल्यावरून, लहान मुलांच्या अतिदक्षता विभागातून आला होता. कागदावर नाव नव्हतं, नुसता आकडा. वय अकरा महिने. साध्या फ्लूने सुरुवात, मग फुप्फुसं, आता यकृतही. खाली वंशाच्या रकान्यात कुणीतरी घाईघाईने लिहिलं होतं, टोंगा.

पॅसिफिकमधल्या आपल्या बेटांचं ते नाव सालोमेने वाचलं आणि वयाचा रकाना पुन्हा पाहिला. रविवारी देवळात पाद्रींनी एका बाळासाठी प्रार्थना सांगितली होती. कालोची मुलगी, सेइनी. सिडनीच्या कडेला माउंट ड्रुइट वस्तीतल्या त्या देवळात अकरा महिन्यांचं, फ्लूने रुग्णालयात पडलेलं दुसरं बाळ नव्हतं.

ती कामाला लागली. शरीरात विषाणू शिरला की लागण झालेल्या पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडतात. ते इतर पेशींच्या पृष्ठभागावर ठरलेल्या जागी जाऊन चिकटतं. मग पेशीच्या आतल्या स्टॅट नावाच्या प्रथिनांवर एक बारीकशी खूण उमटते. खूण झालेली प्रथिनं थेट केंद्रकात शिरतात आणि तिथली निजलेली जनुकं जागी करतात. शेकडो जनुकं, सगळी विषाणूशी लढायची. हे व्हायला पाव तासही लागत नाही. सालोमेचं काम एवढंच की पेशींवर इंटरफेरॉन घालायचं आणि ती खूण उमटली का ते पाहायचं.

तीन तासांनी पडद्यावर आकृत्या आल्या. सालोमेच्या स्वतःच्या पेशींचा उंचवटा उजवीकडे सरकला होता, नेहमीसारखा, म्हणजे खूण उमटली होती. बाळाच्या पेशींचा होता तिथेच होता.

तिने पेशी मेल्यात का ते पाहिलं. जिवंत होत्या. दुसऱ्या जातीचं इंटरफेरॉन, जे वेगळ्या जागी चिकटतं, ते घालून पाहिलं. तेव्हा उंचवटा व्यवस्थित सरकला. म्हणजे आतली यंत्रणा शाबूत होती. पहिल्या इंटरफेरॉनला चिकटायला पेशीवर जागाच नव्हती.

तिने प्रूला बोलावलं. प्रू पडद्याकडे बघत राहिली, मग खुर्ची ओढून बसली.

"हे मी आजवर फक्त वाचलं होतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंदासारखं काहीतरी होतं. ते तिचं तिलाच कळलं आणि तिने चेहरा हाताने पुसला. "वर कळवते मी."

"कळवून काय होईल?"

"इंटरफेरॉन देऊन उपयोग नाही, ते कशाला चिकटणार? अँटिबॉडीज देतील. व्हेंटिलेटर आहेच." ती उठली. "उशीर झालाय, सालोमे. आधी माहीत असतं तर फ्लूच्या पहिल्याच दिवशी आणलं असतं. पण आई आणि बाप दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आल्याशिवाय हे होत नाही. आणि एकच बिघडलेलं असेल तर माणूस ठणठणीत असतो. त्याला कळणार कसं?"

जाता जाता ती दारात वळली. "तुमच्या बेटांवर काही घराण्यांत हे आढळलंय म्हणतात. तुझ्या ओळखीत कुणाचं मूल गेलंय का असं? साध्या तापाने?"

"नाही," सालोमे म्हणाली.

*

तीस वर्षांपूर्वी सालोमेचा मुलगा पेनी चौदा महिन्यांचा होता. टोंगातल्या हापाइ बेटांवर, पांगाई गावात त्या वर्षी सगळ्याच मुलांना सर्दीताप येऊन गेला. शेजारची सात पोरं चार दिवसांनी पुन्हा वाळूत खेळत होती. पेनीचा ताप उतरला नाही. पाचव्या दिवशी त्याचे डोळे पिवळे झाले. गावातल्या दवाखान्यात एकच डॉक्टर होता, आणि त्याने सालोमेला पुन्हापुन्हा एकच विचारलं: पोराने काही खाल्लं का?

सेमिसी, तिचा नवरा, तेव्हा राजधानीत, नुकूआलोफाच्या धक्क्यावर माल उतरवायच्या कामाला होता. तो पुढच्या बोटीने आला तोवर पेनीला पुरून दोन दिवस झाले होते.

सेमिसीच्या थोरल्या बहिणीने सगळ्यांसमोर सांगितलं, "तिन्हीसांजेला पोराला कडेवर घेऊन खडकांवर शिंपले वेचायला गेली होती ही. वारं बाधलं त्याला." टोंगात आत्या बोलली की त्यापुढे कुणी बोलत नाही. भावाच्या मुलाबाळांवर तिचा शब्द चालतो, मयतातही तीच सगळ्यांच्या वर बसते. सालोमे खरंच गेली होती शिंपले वेचायला. तिने खाली मान घातली.

सेमिसी काहीच बोलला नाही. तेव्हा नाही, पुढे मुलगी मेलेआने झाली तेव्हा नाही, सिडनीला आले तेव्हा नाही. पेनीचं नावच त्याने तीस वर्षांत घेतलं नाही. तो भांडला नाही, दारू पिऊन आला नाही, कधी हात उगारला नाही. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायची, शुक्रवारी देवळामागच्या खोलीत कावाच्या मुळांचं पेय प्यायचं, परसात तारोचे कंद लावायचे. सालोमेला वाटायचं, एकदा तरी म्हणावं त्याने, तुझ्यामुळे गेला. म्हणजे निदान उत्तर देता आलं असतं.

*

बुधवारी दुसरा नमुना हवा होता आणि तो घेऊन येणारा माणूस येईना, तेव्हा सालोमे स्वतःच वर गेली. कालो पाण्याच्या यंत्रापाशी उभी होती, हातात रिकामा पेला. सालोमेच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे तिचं लक्ष गेलं.

"मावशी? तुम्ही इथे असता?"

"खाली. तळमजल्यावर."

"रक्त तपासतात तिथे?" कालो जवळ आली. पंचवीस-सव्वीसची असेल, तीन दिवस तिने केस विंचरलेले दिसत नव्हते. "म्हणजे तुम्हाला माहितीये काय झालंय. डॉक्टरीण सकाळी सांगून गेली, पण मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. जनुक म्हणाली, रिसेप्टर म्हणाली. मी नुसती हो हो केलं."

"डॉक्टरच सांगतील, कालो. मला बोलायची परवानगी नाही."

"मला बाकी काही नको. एकच सांगा." तिने आजूबाजूला पाहिलं. "त्या शनिवारी गार वारं होतं आणि मी तिला बाजारात नेलं होतं. टोपी घातली नव्हती. नणंद म्हणते, त्यानेच झालं. माझा नवरा तिच्यापुढे तोंड उघडत नाही. त्यानेच झालं का?"

सालोमेने नोकरीच्या पहिल्या दिवशी एका कागदावर सही केली होती. नमुन्यांबद्दल बाहेर बोलणार नाही म्हणून. अठरा वर्षांत ती घरीसुद्धा बोलली नव्हती.

"तू काही केलेलं नाहीस," ती म्हणाली.

"तुम्हाला नक्की माहितीये?"

"टोपीने काही झालं नसतं. त्याहून जास्त मला विचारू नकोस."

कालोने तिचा हात घट्ट धरला. "मग हे तुम्ही माझ्या नणंदेला सांगाल?"

सालोमेने हात सोडवून घेतला, पेल्यात पाणी भरून तिच्या हाती दिलं आणि नमुना घ्यायला आत गेली. परत आली तेव्हा कालो तिथे नव्हती. पेला यंत्रावर भरलेलाच होता.

सेइनी रविवारी सकाळी गेली.

*

अंत्यविधीला सारं माउंट ड्रुइट लोटलं. काळे कपडे, कमरेला गुंडाळलेल्या शोकाच्या चटया, शवपेटीखाली अंथरलेलं झाडाच्या सालीचं कापड. पेटी इतकी लहान होती की तिच्यासाठी ते कापड चार वेळा दुमडावं लागलं. बाळाची आत्या पेटीच्या उशाशी बसली होती. ती वाईट बाई नव्हती. तीन रात्री तिने डोळ्याला डोळा लावला नव्हता. पण बायका भेटायला आल्या की ती प्रत्येकीला तेच सांगायची. "गार वाऱ्यात नेलं हो. टोपीसुद्धा नव्हती."

कालो पेटीच्या पायाशी होती. तिने एकदा मान वर करून सालोमेकडे पाहिलं.

सालोमे उठली नाही. उठून म्हणायचं तरी काय होतं? वारं नाही, टोपी नाही, तुमच्या भावाच्या रक्तातून निम्मं आलंय? कुणी परवानगी दिली होती तिला? आणि आत्यासमोर उभं राहून आमच्यात असं कोण बोललंय आजवर? ती भजन म्हणत राहिली, शेवटच्या कडव्यापर्यंत.

बाहेर येऊन ती आणि सेमिसी गाडीत बसले. सेमिसीने किल्ली लावली पण फिरवली नाही.

"ती तुझ्याकडे बघत होती," तो म्हणाला.

"हो."

"का?"

मग सालोमेने सांगितलं. आधी सेइनीचं नाव न घेता, मग घेऊन. पेशीवर जागाच नसते, आत खूण उमटत नाही, जनुकं जागी होत नाहीत. इतर पोरं चार दिवसांत बरी होतात ते याच्या जोरावर. ज्याच्याकडे हे नाही त्याला साधी सर्दीही झेपत नाही. तिने एकदाही पेनी म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

सेमिसी समोरच्या काचेतून बघत होता. "म्हणजे खडकांवरचं वारं नाही."

"वारं नव्हतंच."

"ते मला तेव्हाही माहीत होतं."

सालोमेने त्याच्याकडे पाहिलं.

"त्याच्या आधीच्या आठवड्यात मी दोन दिवस येऊन गेलो होतो," तो म्हणाला. "आठवतं? खोकत होतो मी. धक्क्यावर सगळेच खोकत होते. आल्या आल्या पेनीला उचललं, त्याच्या तोंडाला तोंड लावलं. तो हसत होता." त्याने किल्ली काढून हातात घेतली. "मी आणला तो ताप. मी तसाच परत गेलो आणि तो मेला. ताईने तुला बोल लावला तेव्हा मी गप्प बसलो. मला वाटलं, मी बोललो तर सगळ्यांना कळेल."

सालोमेला एकदम राग आला. तीस वर्षं. तीस वर्षं तिने त्या शिंपल्यांचं ओझं वाहिलं होतं, हापाइच्या किनाऱ्यावरून इथवर. त्याला ठाऊक होतं आणि त्याने वाहू दिलं.

"बोलायचं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"एकदा तरी."

"हो." मग त्याने विचारलं, "आणि हे जे पेशीवर नसतं... ते कुणाकडून येतं?"

"निम्मं तुझ्याकडून. निम्मं माझ्याकडून."

त्याने मान हलवली, कुणी रस्ता समजावून सांगावा आणि तो ऐकून घ्यावा तशी. मग गाडी सुरू केली.

*

सोमवारी सालोमे प्रूच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "त्या दिवशी मी नाही म्हणाले. ते खोटं होतं."

प्रूने सगळं ऐकून घेतलं. सालोमे आणि सेमिसी दोघांचं रक्त दुसरीकडे जनुक तपासायला गेलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. दोघांकडेही एकेक.

"तू निरोगीच आहेस," प्रू म्हणाली. "एक प्रत चांगली असली की भागतं. तुझ्या पेशी नेहमी बरोबर वागल्यात, मी जुने सगळे निकाल काढून पाहिले."

"अठरा वर्षं तुम्ही माझ्याशी तुलना करत होता."

"ती चुकीची नव्हती."

"मी कुठे चुकीची म्हणते?" सालोमे म्हणाली.

आता प्रश्न मेलेआनेचा होता. तिला नववा लागला होता आणि तिचा नवरा हापाइचाच, पांगाईपासून दोन गावं पलीकडचा. सालोमेने आठवडाभर शब्द जुळवले आणि शेवटी भांडी पुसता पुसता सांगितलं.

मेलेआने टेबलापाशी बसून ऐकत होती. "म्हणजे तुझं म्हणणं, माझ्यातही असेल."

"असेल किंवा नसेल. तुमची दोघांची तपासणी केली तर—"

"आणि दोघांत निघालं तर? मी आता काय करू, आई? बाळ आत फिरतंय." तिने पोटावर हात ठेवला. "तू काही करू शकतेस? औषध आहे?"

"औषध नाही. पण माहीत असलं तर जपता येतं. जन्मल्यावर नाळेतलं थोडंसं रक्त—"

"नको. हिच्या कपाळावर जन्माआधीच काही लिहायचं नाही."

"लिहिलेलं असेल तर ते आहेच. आपण फक्त वाचतो."

"तू वाच. तुझं कामच आहे ते," मेलेआने म्हणाली. जावई बाहेरून आत आला, त्याने सगळं ऐकलं, आणि तो फार नम्रपणे म्हणाला की त्यांनी देवावर सोडलंय, सासूबाईंनी रागावू नये.

ऑक्टोबरात मुलगी झाली. साडेआठ पौंडांची, डोक्यावर भरपूर केस. नाळ कापली तेव्हा सालोमे खोलीत होती. नाळेचं रक्त एका थाळीत निथळलं आणि नर्सने ती थाळी उचलून नेली. एक चमचाभर पुरलं असतं. तीन तास आणि चमचाभर रक्त. अशा तपासण्या तिने किती केल्या होत्या याची मोजदाद नव्हती. तिने मेलेआनेचा हात धरून ठेवला आणि थाळी दारातून बाहेर जाताना पाहिली.

त्यानंतर सालोमे नातीला घ्यायची ते हात कोपरापर्यंत धुऊन. तोंडाला तोंड लावायची नाही. मेलेआनेच्या ते लक्षात येई. सेमिसी तर पोरीला घेतच नसे. दाराच्या चौकटीपाशी उभा राहून लांबूनच शीळ घालायचा.

फेब्रुवारीत, बाळ चार महिन्यांचं असताना, मेलेआनेचा सकाळी सातला फोन आला.

"तिला ताप आहे. कालपासून."

"किती?"

"आई, तू ये."

सालोमे आणि सेमिसी पोचले तेव्हा बाळ जावयाच्या खांद्यावर होतं, नाक वाहत होतं, गाल लाल. सालोमे दारातच थांबली. मेलेआनेने नवऱ्याकडून बाळाला घेतलं, झबल्याची बाही वर सरकवली आणि बाळाचा उघडा दंड आईपुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "तुला हवं होतं ना."

"मला नाही घेता येत इतक्या लहानाचं," सालोमे म्हणाली. "आणि घरच्या माणसाचं मी तपासायचंही नसतं. चल, प्रूला फोन करते."

अर्ध्या तासात ते रुग्णालयात होते. सराईत हाताच्या नर्सने रक्त घेतलं. डॉक्टरांनी काही घडायची वाट न पाहता बाळाला ठेवून घेतलं, अँटिबॉडीज मागवून ठेवल्या. नमुना खाली गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सालोमे त्या तीन तासांत प्रयोगशाळेबाहेर, वरच्या मजल्यावर बसली. खाली कुठल्या मिनिटाला काय चाललंय ते तिला नेमकं ठाऊक होतं. आता पेशी वेगळ्या करत असतील. आता इंटरफेरॉन घातलं असेल. पंधरा मिनिटं. आता धुणं. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं. मेलेआने भिंतीला डोकं टेकून बसली होती. सेमिसी उभाच होता.

प्रू स्वतः वर आली. जिन्याने आली असावी, तिला धाप लागली होती.

"सरकलाय," ती म्हणाली. "छान सरकलाय. ही साधी सर्दी आहे."

जावई खाली वाकून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागला. मेलेआनेने डोळे मिटले. "हिच्यातही एक असेल, आपल्यासारखं," सालोमे हळूच म्हणाली, "पण एकाने काही होत नाही." कुणी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

प्रू जायला निघाली तेव्हा सेमिसीने तिला अडवलं. त्याला तिच्याशी बोलायची सवय नव्हती. तो टोपी हातात फिरवत राहिला.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "आमचा एक मुलगा होता. पेनी. फार पूर्वी गेला. त्याच्यात हेच होतं का ते आता कळेल?"

सालोमेने मान वर केली नाही.

"त्याचं काही जपून ठेवलंय का तुम्ही?" प्रूने विचारलं. "केस? एखादा दात?"

"दात आले होते त्याला. चार." मग सेमिसीने मान हलवली. "नाही. घर वादळात गेलं. त्याला जिथे ठेवलं ती किनाऱ्याची बाजूही समुद्राने खाल्ली. काही नाही."

"मग नाही सांगता येणार. नक्की असं नाही. तुम्हा दोघांकडे आहे, त्यावरून वाटतं तेच असावं. पण इतर कशानेही गेला असू शकेल."

"इतर कशानेही," सेमिसी म्हणाला. "बरं. नुसतं विचारलं."

तो सालोमेच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. बाळाला जाग येत होती. दंडावरचा कापसाचा बोळा सालोमेने अजून अंगठ्याने दाबून धरला होता. रक्त केव्हाच थांबलं होतं.